स्वतःच्या ऑनलाइन दुकानासाठी जीएसटी : नोंदणी कुणाला लागते, कागदपत्रे कोणती आणि वेबसाइटवर कर कसा बसवायचा

वेबसाइट तयार झाली, पेमेंट गेटवे जोडला, की पुढचा प्रश्न कराचा. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर चालू करणे मिनिटाचे काम आहे, पण जीएसटी क्रमांक हातात येण्याआधी ते करू नका. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने पैसे घ्यायला कायद्याचे कलम ३२ मनाई करते. म्हणून आधी नोंदणी लागते का ते पाहायचे, सेटिंग नंतर.

नोंदणी कुणाला लागते

"चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही" हे सगळीकडे ऐकू येते, पण ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक उलाढालीची ४० लाखांची आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांची मर्यादा आहे. मात्र वस्तूंची ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी आहे. करपात्र वस्तूचे एक पार्सल जरी बेळगावला किंवा पणजीला गेले, तरी उलाढाल कितीही असो, कलम २४ नुसार नोंदणी सक्तीची होते. अधिसूचित यादीतल्या हस्तकला वस्तूंना यातून काही अटींवर सूट आहे. सेवांना परराज्यातही २० लाखांची मर्यादा लागू राहते.

रत्नागिरीचा एखादा बागायतदार ताजा हापूस बंगळूरला पाठवत असेल, तर त्याला नोंदणी लागत नाही, कारण ताजा आंबा करमुक्त आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला कलम २३ खाली नोंदणीतून सूट मिळते. त्याच वेबसाइटवर त्याने आंब्याच्या पल्पचे डबे ठेवले आणि त्यातला एक परराज्यात गेला, की चित्र बदलते. पल्पवर ५ टक्के कर आहे.

स्वतःच्या वेबसाइटऐवजी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकणार असाल तर नियम थोडे वेगळे आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून, मर्यादेच्या आत उलाढाल असलेला आणि फक्त आपल्याच राज्यात वस्तू विकणारा विक्रेता जीएसटी क्रमांकाऐवजी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घेऊन विकू शकतो. नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या पैशांतून ती बाजारपेठ चालवणारी कंपनी ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर, कापते. तो पोर्टलवरच्या आपल्याच रोख लेजरमध्ये (कर भरण्याच्या खात्यात) जमा होतो, पण पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो.

अर्ज भरताना कंपोझिशन योजनेचा पर्याय दिसेल. कर कमी, हिशेब सोपा, म्हणून मोह होतो. पण त्यात परराज्यात माल विकता येत नाही आणि ग्राहकाकडून करही घेता येत नाही. देशभर पार्सल पाठवायची असतील तर तो पर्याय आपल्यासाठी नाही.

कागदपत्रे

एकट्या मालकाच्या व्यवसायाला पॅन, आधार, फोटो, मोबाइल, ईमेल आणि जागेचा पुरावा एवढे पुरते. अर्ज अडकतो तो बहुतेक जागेच्या पुराव्यावर. जागा स्वतःची असेल तर लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती, भाड्याची असेल तर भाडेकरार. घर आईवडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतीपत्र आणि सोबत त्यांच्याच नावाचा पुरावा. आपल्याकडे कितीतरी घरांची लाइट बिले अजून आजोबांच्या नावाने येतात. संमतीपत्रावर सही वडिलांची आणि बिलावर नाव आजोबांचे, असे झाले की अधिकारी खुलासा मागतो. अशा वेळी वडिलांच्या नावाची घरपट्टीची पावती जोडा.

बँक खात्याचा तपशील नोंदणीनंतरही देता येतो. मात्र ३० दिवसांत किंवा पहिला जीएसटीआर-१ (विक्रीचे रिटर्न) भरण्याआधी, यापैकी जे आधी येईल तोवर तो द्यावाच लागतो.

अर्ज

जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नवीन नोंदणी निवडा. भाग 'अ' मध्ये पॅन, मोबाइल आणि ईमेल देऊन ओटीपी टाकला की तात्पुरता टीआरएन क्रमांक मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात भाग 'ब' पूर्ण करायचा. शेवटी आधार पडताळणी निवडा. ती टाळली तर अधिकारी जागेची पाहणी करू शकतो आणि मुदत ३० दिवसांपर्यंत जाते. पडताळणी झालेल्या अर्जाला साधारण सात कामाचे दिवस लागतात. काही अर्जदारांना बायोमेट्रिकसाठी जीएसटी सुविधा केंद्रात बोलावतात. नोंदणीकृत खरेदीदारांना विकलेल्या मालावरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर १ नोव्हेंबर २०२५ पासून तीन कामाच्या दिवसांत नोंदणी देणारा पर्यायही आहे.

खुलासा मागणारी नोटीस आली तर सात कामाच्या दिवसांत उत्तर द्या. ईमेल रोज बघत राहा, कारण उत्तर न गेल्यास अर्ज फेटाळला जातो. नोंदणीला सरकारी शुल्क एक रुपयाही नाही. कुणी 'सरकारी फी' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. सल्लागाराची स्वतःची फी असते, ती वेगळी.

वेबसाइटवर कर बसवताना

मिळालेल्या १५ अंकी-अक्षरी क्रमांकात सुरुवातीचे दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माल महाराष्ट्रातच पोचणार असेल तर कर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असा निम्मा-निम्मा, परराज्यात जाणार असेल तर पूर्ण आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा). घरगुती ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये बिलाचा आणि डिलिव्हरीचा पत्ता वेगळा असेल तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, असे केंद्राच्या जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कराची आकारणी शिपिंग पत्त्यावर ठेवा.

वूकॉमर्स या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५ टक्क्यांच्या मालासाठी करदरांच्या तक्त्यात तीन ओळी लागतात. महाराष्ट्रासाठी सीजीएसटी २.५, प्रायॉरिटी १. महाराष्ट्रासाठीच एसजीएसटी २.५, प्रायॉरिटी २. आणि राज्याची जागा मोकळी ठेवून आयजीएसटी ५, प्रायॉरिटी १. एका प्रायॉरिटीची एकच ओळ लागू होते, त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाला आयजीएसटी लागत नाही. त्या ओळीला चुकून प्रायॉरिटी ३ दिली तर पुणेकराकडून १० टक्के कापले जातील. 'कंपाउंड'वर, म्हणजे करावर कर लावणाऱ्या पर्यायावर, खूण करू नका. पार्सलच्या खर्चावरही मालाच्याच दराने कर लागतो.

तयार कपड्यांचे दुकान असेल तर इथे थोडे थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के दर आहे, आणि ही किंमत कर वगळून मोजायची असते. किमती करासह लिहीत असाल तर २,६२५ पर्यंत ५ टक्के बसतो, २,९५० च्या वर १८. मधल्या किमती जुळतच नाहीत. २,८०० च्या कुर्त्यात ५ टक्के धरले तर मूळ किंमत २,६६७ येते, म्हणजे मर्यादेबाहेर. १८ धरले तर २,३७३, म्हणजे मर्यादेच्या आत. त्या पट्ट्यात करासह किंमत ठेवूच नका. बिलावर दाखवलेली सूट वजा करून दर ठरतो, त्यामुळे कूपन लावल्यावर महागडा कुर्ता ५ टक्क्यांत येऊ शकतो. सॉफ्टवेअरमधला टॅक्स क्लास (त्या वस्तूचा करगट) मात्र आपण ठरवून दिलेलाच राहतो, तो आपोआप बदलत नाही. सेलच्या आधी तो हाताने तपासा.

दुकान खुले करण्याआधी एक ऑर्डर पुण्याच्या आणि एक बेळगावच्या पत्त्यावर टाकून बघा. पहिल्या बिलावर कराच्या दोन ओळी आणि दुसऱ्यावर एकच ओळ दिसली, आणि एकूण रक्कम दोन्हीकडे सारखी आली, की सेटिंग बरोबर आहे. विक्री सुरू व्हायला उशीर लागला तरी नोंदणीच्या महिन्यापासून रिटर्न भरावेच लागतात, विक्री शून्य असली तरी.