टाकी बदलली, त्याच दिवशी नंबर लावा

सर्व ग्राहकांना नमस्कार.

ऑफिसात रोज येणारा फोन असा: "गॅस संपलाय, घरात पाहुणे आहेत, आजच्या आज टाकी पाठवा." पाहुणे खरे असतात, अडचणही खरी असते. नंबर मात्र लावलेला नसतो.

यातल्या बऱ्याच जणांकडे दोन टाक्या आहेत. पण पहिली संपली की भरलेली जोडायची, रिकामी कोपऱ्यात सरकवायची आणि विसरून जायचं. दुसरी मंद जळायला लागली की धावपळ सुरू. तेव्हा रेग्युलेटर भरलेल्या टाकीवर बसला की लगेच मोबाईल घ्या आणि नंबर लावा. दोन बुकिंगमधलं ठरलेलं अंतर झालं नाही म्हणून सिस्टीमने नाही म्हटलं, तर अंतर पूर्ण होईल ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

"ओळखीचे असून टाकी देत नाही" असा राग आमच्यावर निघतो. पण गाडीवरची प्रत्येक टाकी कुणाच्या तरी पावतीवर निघालेली असते. ओळखीपोटी एक मध्येच उतरवली, तर आधी नंबर लावलेल्याच्या घरी आम्ही काय सांगायचं? म्हणून डिलिव्हरीवाल्या पोरांना रस्त्यात अडवू नका.

डिलिव्हरीचा कोड नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल पुण्यातल्या मुलाकडे आणि मुलगा मीटिंगमध्ये, अशाने दारातून टाकी परत जाते. नोंदवलेला मोबाईल नंबर बदलून घ्या, काम पाच मिनिटांचं आहे.

किती गॅस उरलाय ते टाकी हलवून नीट कळत नाही. ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा. आत गॅस आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो, वरचा भाग आधी कोरडा होतो. काटा असेल तर उत्तमच: रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, भरलेली त्याहून १४.२ किलोने जड हवी. डिलिव्हरीच्या वेळीही वजन करून मागा, आमची माणसं कुरकुर करणार नाहीत. थंडीत सकाळी आच कमी वाटली म्हणजे गॅस संपलाच असं नाही. उरलासुरला काढायला टाकी आडवी करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं मात्र कधीच नको. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

एकच टाकी असलेल्यांनी दुसरीचा विचार जरूर करावा. अनामत भरावी लागते, पण कनेक्शन परत करताना ती मिळते. खोली करून राहणाऱ्या मुलांसाठी ५ किलोची छोटी टाकीही आमच्याकडे आहे, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. दिवाळीच्या फराळाआधीच येऊन जा, त्या आठवड्यात फॉर्म भरायलाही रांग असते.