आरईएम झोप-वर्तन विकार : संगणकीय निदान

आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल) झोपेत, म्हणजे जिथे ठसठशीत स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, डोळे व श्वासपटल वगळता शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. या विकारात ते सैल पडत नाहीत. रुग्ण स्वप्नातली झटापट अंथरुणातच करू लागतो. ओरडतो, लाथा झाडतो, पलंगावरून पडतो. मिनेसोटातील कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात दरवर्षी सुमारे ६.३ टक्के जणांना कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा तत्सम मेंदूविकार जडला. त्यामुळे लवकर निदान फार मोलाचे.

रात्रभरच्या स्लीप स्टडीत डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पायांवर इलेक्ट्रोड लावतात. आठ तासांच्या नोंदीचे ३० सेकंदांचे ९६० तुकडे होतात. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, प्रत्येक तुकड्याचा झोपेचा टप्पा ठरवते. मग आरईएम तुकड्यांतला हनुवटीच्या स्नायूंचा विद्युत संकेत १० ते १०० हर्ट्झ एवढाच ठेवून, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण काढून, सेकंदागणिक सरासरी मोजतात. एक मायक्रोव्होल्ट किंवा कमी भरलेले सेकंद शिथिल धरतात. एक ते दोनमधले हिशेबातून वगळतात. उरलेल्यांत शिथिल सेकंदांचा वाटा म्हणजे शिथिलता निर्देशांक : ०.९ च्या वर सामान्य, ०.८ च्या खाली संशयास्पद.

खरी गफलत पहिल्याच पायरीवर होते. निरोगी लोकांच्या नोंदींवर शिकलेले नेटवर्क ‘हनुवटी सैल, तर आरईएम’ हेही गृहीत धरते. रुग्णाची हनुवटी ताठ असते, म्हणून त्याची आरईएम झोप जागेपणात किंवा हलक्या झोपेत टाकली जाते आणि जो पुरावा शोधायचा तोच गाळला जातो. शिकवणीच्या नोंदींत असे रुग्ण हवेतच, शिवाय डोळ्यांजवळच्या इलेक्ट्रोडच्या संकेताला जास्त वजन द्यावे. एकाच रुग्णाचे तुकडे शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे गेले, तर अचूकता फसवी वाढते. विभागणी रुग्णागणिकच करावी. घोरण्याची कंपने हनुवटीच्या संकेतात मिसळतात, आणि काही नैराश्यरोधक औषधांनीही स्नायूंचा ताण वाढतो.

सरसकट चाळणीत आकडे आणखी कठोर होतात. हजारांत दहा रुग्ण आणि ९० टक्के संवेदनशीलता (रुग्ण अचूक ओळखण्याचे प्रमाण) व विशिष्टता (निरोगी अचूक ओळखण्याचे प्रमाण) धरली, तर नऊ रुग्ण सापडतात, पण ९९ निरोगीही पकडले जातात. म्हणून संगणकाने संशय घेतला तरी निदान व्हिडिओसह झालेल्या स्लीप स्टडीवर आणि जोडीदाराने सांगितलेल्या हकिकतीवरच करावे.