करंज, पनवेल आणि एक महावीर चक्र

१९७१ च्या युद्धात नौदलाला आठ महावीर चक्रं मिळाली. त्यातली तीन एकाच मोहिमेची, आणि नेमकी ती मोहीम आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. कराची बंदरावरचा हल्ला शाळकरी पोरंही सांगतात, ‘खुकरी’ आणि कॅप्टन मुल्ला माहीत असतात. मोंगला-खुलना, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, आजच्या बांगलादेशातली नदीकाठची बंदरं, म्हटलं की मात्र गाडी अडते. त्या मोहिमेचे प्रमुख होते कमांडर मोहन नारायण राव सामंत. आडनाव ऐकून सिंधुदुर्गात कुणीतरी ‘म्हणजे कुठले सामंत?’ असं विचारणारच. ते राहू दे. त्यांच्या सेवेचा कोकणाशी धागा जुळतो तो जहाजांच्या नावांतून.

सामंत मूळचे पाणबुडीवाले. सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी दोघींची नावं रायगडच्या किनाऱ्यावरची: थळसमोरच्या जलदुर्गावरून ‘खांदेरी’ आणि उरणच्या करंजा बेटावरून ‘करंज’. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत युनियनमधल्या रिगा बंदरात ‘करंज’ नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान सामंत होते. रेवसला जाणारी लाँच धरायला करंजा जेटीवर ताटकळणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, शंकाच आहे. युद्धात तीच पाणबुडी व्ही. एस. शेखावत यांच्या हाती होती. त्यांना वीर चक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुखही झाले.

सामंत मात्र तोवर पाणबुडीवरून उतरून दिल्लीत, नौदल गुप्तवार्तेचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय यांच्या हाताखाली एका कामात गुंतले होते. त्या कामाची सुरुवात झाली फ्रान्समध्ये. तुलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’वरचे आठ बंगाली खलाशी १९७१ च्या वसंतात निसटले आणि स्पेनमार्गे भारतात पोचले. त्यांच्याभोवती नौदलाने पश्चिम बंगालमध्ये भागीरथीकाठी, पलाशीला छावणी उभारली. तिथे पूर्व बंगालमधून आलेली तरुण पोरं, बरीचशी विद्यार्थी, पोटाला विटा बांधून नदीत तासन्‌तास पोहायला शिकली. विटांच्या जागी पुढे लिंपेट सुरुंग, म्हणजे जहाजाच्या बुडाला चिकटवायचे सुरुंग, आले.

या सुरुंगाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याच्या स्फोटयंत्रात पाण्यात विरघळणारी गुंडी असे. ती अर्ध्या तासात विरघळायची, आणि जहाजापर्यंत पोहत जायला त्याहून जास्त वेळ लागायचा. उपाय निघाला तो गुंडीवर कंडोम चढवण्याचा. जहाजाला सुरुंग चिकटवला की ते ओढून काढायचं. नौदलासाठी कंडोमची ही खरेदी कशाला, हे हिशेब तपासणाऱ्याला कसं समजावलं असेल कोण जाणे! ऑगस्टच्या मध्यावर एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत स्फोट झाले. भारत-पाकिस्तान युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं, त्यामुळे भारतीय नौदलाचं नाव कुठेही येऊन चालणार नव्हतं.

डिसेंबरमध्ये उघड युद्ध सुरू झाल्यावर सामंत स्वतः पाण्यात उतरले. हाताशी कोलकाता बंदराच्या दोन नौका, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. त्यांच्यावर बोफर्स तोफा बसवून त्या मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली सैन्याला, दिल्या होत्या. जोडीला नौदलाची गस्ती नौका ‘पनवेल’. (पनवेलला कुठला समुद्र, असं हसू नका. खाडीतून गलबतं येत होती तेव्हा ते चांगलं नांदतं बंदर होतं.) सुंदरबनातल्या अरुंद, अनोळखी वाटांनी हा काफिला मोंगल्यावर येऊन धडकला. मोंगला पडलं आणि १० डिसेंबरला तो खुलन्याकडे निघाला.

ओळख पटावी म्हणून नौकांचे वरचे भाग पिवळे केले होते. तरीही दुपारच्या सुमाराला खुलन्याजवळ विमानं वरून झेपावली. ती आपल्याच हवाई दलाची ‘नॅट’ लढाऊ विमानं होती. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ दोन्ही गेल्या. ‘पनवेल’ वाचली, आणि काठावरून पाकिस्तानी गोळीबार चालू असताना तिने पाण्यातली माणसं उचलली. ‘पद्मा’वरचे लीडिंग सीमन चिमन सिंग जबर जखमी असूनही साथीदारांना किनाऱ्याला लावत राहिले आणि शत्रूच्या हाती सापडले, बांगलादेश मुक्त झाल्यावर त्यांची सुटका झाली. ‘पलाश’च्या इंजिनखोलीतले मोहम्मद रुहुल अमीन मरण पावले. त्यांची कबर रूपसा नदीच्या काठी आहे.

महावीर चक्र सामंतांना मिळालं, ‘पनवेल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हांना मिळालं आणि चिमन सिंगांनाही. पांढऱ्या-केशरी फितीचं, पाचकोनी तारा कोरलेलं चांदीचं हे पदक परमवीर चक्राच्या खालोखालचं. अधिकारी आणि खलाशी यांच्यासाठी ते वेगवेगळं नाही, ही मला त्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते. रुहुल अमीन यांना बांगलादेशाने ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. तो फक्त सात जणांना मिळाला आहे.

सामंतांच्या मानपत्रात मोंगला आणि खुलना आहे. पलाशीची छावणी, सुरुंग आणि पोहणारी पोरं त्यात येणं शक्यच नव्हतं, कारण सरकारच्या लेखी ते घडलेलंच नव्हतं. तो भाग विस्ताराने छापून आला थेट २०१९ साली, सामंत स्वतः सहलेखक असलेल्या इंग्रजी पुस्तकात. त्याच वर्षी ते वारले.