जिल्हा परिषद शाळेची नव्या वर्षाची तयारी

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हाचा कडाका लांबतो, म्हणून तिथे हा दिवस जूनच्या अखेरीकडे सरकतो. तयारी मात्र गुढीपाडव्यापासूनच सुरू झालेली असते. पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी करायची, आईवडिलांना भेटायचे, पुस्तके आणि गणवेश वेळेत आणायचे, छप्पर पावसाळ्याला टिकेल असे करून घ्यायचे आणि पहिल्या दिवशी नव्या मुलांना वाजतगाजत वर्गात न्यायचे, हे सगळे या तयारीत येते. शिक्षण खात्याच्या कागदांत यासाठी ‘शाळापूर्व तयारी’ आणि ‘प्रवेशोत्सव’ असे शब्द आहेत. गावात नुसते “शाळा भरायला आली” म्हटले की पुरते.

राज्यात जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत परिषद नाही. तिथले काम महापालिका पाहते. उरलेल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या सुमारे ६० हजार शाळा आहेत. डोंगरावरच्या, धरणाच्या पलीकडच्या कित्येक वाड्या-वस्त्यांवर सरकारची एकमेव इमारत म्हणजे ही शाळा, म्हणून ती उघडण्याची तयारी ही त्या वस्तीचीच तयारी असते.

व्यवस्था

१९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या निर्माण झाल्या आणि १ मे १९६२ रोजी त्यांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ती त्याआधीच्या लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्डांची आठवण. काही शाळांच्या कमानीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव अजून टिकून आहे. ते मूलोद्योग शिक्षणाच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या, काळातले.

जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीट, म्हणजे काही केंद्रांचा गट, सांभाळणारे विस्तार अधिकारी, मग जवळपासच्या शाळांच्या एकेका केंद्राचे केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक, अशी ही उतरंड आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकाचे वेगळे पद नसते. दोघांपैकी ज्येष्ठ असतो तोच वर्ग शिकवतो, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद ठेवतो आणि मे महिन्यात कौलेही मोजतो. शाळेच्या पातळीवर निर्णय घेते ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात.

पट

या साऱ्या तयारीचा कणा एका शब्दात आहे: पट. पट म्हणजे हजेरीपत्रकावरच्या मुलांची संख्या. पुस्तके किती येणार, तांदूळ किती मिळणार, अनुदान किती जमा होणार आणि शिक्षक किती राहणार, हे सगळे पटावर ठरते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ६१वे मूल आले तर तिसरा शिक्षक मिळायला हवा. पट खाली आला तर असलेला शिक्षक ‘अतिरिक्त’, म्हणजे त्या शाळेला जादा, ठरतो. गावच्या शाळेतला शिक्षक मार्च-एप्रिलच्या उन्हात दारोदार का हिंडतो, ते या आकड्यांवरून कळावे.

हिंडण्याची सुरुवात दाखलपात्र मुलांच्या यादीने होते. ३१ डिसेंबरपर्यंत ज्याची सहा वर्षे पूर्ण होतात ते मूल पहिलीला दाखलपात्र. अंगणवाडीचे रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि घरोघरची विचारपूस यांवरून यादी तयार होते. बरोबर अंगणवाडी सेविका असते, कारण कुठल्या घरातले मूल आजोळी आहे आणि कुठली सून बाळासह माहेराहून परतली आहे हे तिलाच ठाऊक असते. बऱ्याच ठिकाणी ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ अशी हाक देऊन पाडव्याच्या मुहूर्तावर पहिलीचे प्रवेश सुरू करतात. वह्या, पाट्या आणि कधी शिक्षकांच्या वर्गणीतून आणलेले दप्तर मुलाच्या हातात ठेवतात. गावाच्या फाट्यावर इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी येऊन उभी राहते, आणि पालक त्याच आठवड्यात मनाशी ठरवत असतो. ज्या शिक्षकाने आदल्या वर्षी थोरल्या मुलीला चांगले वाचायला शिकवले, त्याला त्या घरात फार बोलावे लागत नाही. पटनोंदणीची खरी मोहीम वर्षभर वर्गात चालते, असे अनुभवी शिक्षक सांगतात ते याच अर्थाने.

पटाला एक काळी बाजूही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस एकाच वेळी पटपडताळणी झाली. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना नेऊन बसवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले त्या वेळी उघडी पडली. त्यानंतर नोंदी संगणकावर गेल्या. ‘सरल’ प्रणाली आली, मग आधारची जोडणी आली. आता आधार क्रमांक जुळत नाही म्हणून वर्गात समोर बसलेले मूल पटावर मोजले जात नाही, अशी उलटी अडचण शिक्षकांपुढे उभी राहते. मे महिन्यात आधार दुरुस्तीसाठी पालकांना तालुक्याच्या केंद्रावर पाठवणे हा आता शाळा उघडण्याच्या तयारीचाच भाग झाला आहे.

वीसच्या आत पट असलेल्या शाळांची संख्या राज्यात १४ हजारांहून अधिक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे धोरण मांडले. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत ही त्याची उदाहरणे म्हणून पुढे ठेवली गेली. डोंगरातल्या पालकांचा प्रश्न साधा होता: सहा वर्षांचे लेकरू गाडीची वाट पाहत पावसात कुठे उभे राहणार? कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. हा नियम मुलांच्या पायांचे मोजमाप घेऊनच केलेला आहे.

शाळापूर्व तयारी मेळावा

करोनाची दोन वर्षे अंगणवाड्या बंद राहिल्या आणि मुले एकही दिवस कुठे न बसता पहिलीच्या दाराशी आली. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे अभियान सुरू झाले. त्यात दोन मेळावे होतात, एक एप्रिलमध्ये आणि दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये.

मेळाव्यात शाळेच्या व्हरांड्यात आणि पटांगणात सात टेबले मांडतात. पहिल्यावर नाव नोंदवतात. मग मूल एकेका टेबलावरून पुढे सरकते: कुठे दोरीवरून चालायचे आणि उड्या मारायच्या, कुठे मणी ओवायचे किंवा कागदाला घडी घालायची, कुठे पाने लहान-मोठी लावायची. एका टेबलावर चित्र दाखवून “यात काय चाललंय?” एवढेच विचारतात. काही मुले धडाधड बोलतात, काही आईचा पदर तोंडात धरून उभी राहतात. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग असतो. “मला पाच दे” म्हटल्यावर मूल दहापर्यंतचे आकडे घडाघडा म्हणते, आणि चिंचोके देते ते मूठभर. आकडे पाठ असणे आणि मोजता येणे यांतला फरक आईला तिथे, त्या टेबलापाशी, डोळ्यांनी दिसतो. मला या मेळाव्याचे सगळ्यात मोठे मोल तेवढ्यातच वाटते. काय जमले, काय मदतीने जमले, याची खूण विकासपत्रावर होते आणि ते पत्र आईच्या हातात दिले जाते.

दोन मेळाव्यांच्या मधल्या सुट्टीत काम घरी चालते. एका वाडीतल्या पाच-सहा आयांचा गट करतात आणि त्यांतली एक पुढारपण घेते. तिला ‘लीडर माता’ म्हणतात. डाळ-तांदूळ वेगळे करणे, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावणे, भाकरीचे गोल मोजणे असले खेळ चुलीपाशीच होतात. जूनमध्ये तीच टेबले पुन्हा मांडतात आणि विकासपत्राच्या दुसऱ्या रकान्यात खुणा पडतात.

पुस्तके आणि गणवेश

पाठ्यपुस्तके पुण्याची बालभारती छापते. ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. बालभारतीच्या भांडारातून ती तालुक्याला, तालुक्याहून केंद्रशाळेला जातात, आणि तिथून शिक्षक आपापले गठ्ठे मोटारसायकलच्या मागे बांधून शाळेत नेतात. मागणी आदल्या वर्षीच्या पटावरून केलेली असते. जूनमध्ये पट वाढला की चार पुस्तके कमी पडतात, म्हणून जाणते शिक्षक निकालाच्या दिवशी, १ मे रोजीच, वरच्या वर्गात गेलेल्या मुलांकडून चांगली राहिलेली पुस्तके जमा करून ठेवतात. २०२३-२४ मध्ये पुस्तकातच वहीची कोरी पाने घालून ते चार भागांत देण्याचा प्रयोग झाला; २०२५ मध्ये ती पाने काढण्याचा निर्णय झाला.

गणवेशाचे दोन जोड मिळतात. प्रत्येक जोडाला ३०० रुपये धरलेले असतात आणि शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा बाजारच्या शिंप्याकडून ते शिवून घेते. २०२४-२५ मध्ये साऱ्या राज्यासाठी एकाच रंगाचे कापड मध्यवर्ती खरेदी करून बचत गटांकडून शिवून घेण्याची योजना आली. कापड उशिरा पोचले, मापे चुकली, कित्येक मुलांनी स्वातंत्र्यदिन जुन्या कपड्यांत साजरा केला. त्याच डिसेंबरमध्ये काम पुन्हा समित्यांकडे दिले गेले. शिंप्यासमोर मूल उभे राहून माप देते तेव्हा बाही लांब पडत नाही, ही अगदी घरगुती गोष्ट त्या वर्षी सगळ्यांच्या लक्षात आली.

धोरणेही कधी अशीच उशिरा पोचतात. २०२५ मध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असावी का, यावर एप्रिलपासून वाद चालला होता. शाळा १६ जूनला उघडल्या आणि त्याविषयीचे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला मागे घेतले गेले. त्या पंधरवड्यात पहिलीचे वेळापत्रक भिंतीवर लावायचे कसे, हा प्रश्न शिक्षकांना पडलेला होता.

इमारत

पावसाच्या आधी छप्पर पाहणे हे मे महिन्यातले सर्वांत गंभीर काम. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावी शाळेचे छत पावसात कोसळून तीन मुले दगावली. मोडकळीला आलेली खोली वापरातून काढून पाडण्याला ‘निर्लेखन’ म्हणतात. त्याचा प्रस्ताव पंचायत समिती, बांधकाम विभाग आणि परिषद असा फिरून येतो आणि त्यात पावसाळा निघून जातो. खोली बंद करून दोन वर्ग एकत्र बसवायचे की धोका पत्करायचा, हे तोवर मुख्याध्यापकाने ठरवायचे. मुलांना समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओसरीवर बसवणारे शिक्षक बरोबरच करतात.

पैसा फार नसतो. संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत १० हजार रुपये आणि १०० पटापर्यंत २५ हजार. त्यातच खडू, झाडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती बसवायची. किरकोळ खर्चाला जुना शब्द ‘सादिल’. तो खात्याबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. रंग, फरशी, पाण्याची टाकी हे बहुधा लोकवर्गणीतून होते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याची, पद्धत रुजवताना फरशीवरच अक्षरे, संख्यारेषा आणि खेळ रंगवले. ते पाहायला राज्यभरचे शिक्षक तिथे गेले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गुडघ्यांवर बसून फरशी रंगवणारे गुरुजी आणि बाई हे चित्र पुढे गावोगाव दिसू लागले.

प्रवेशोत्सव

पहिल्या दिवशी सकाळी प्रभातफेरी निघते. नव्या मुलांना बैलगाडीत किंवा फुगे लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून गावातून फिरवतात. शाळेच्या दारात औक्षण होते. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर पावलांचे ठसे घेतात. त्याखाली नाव आणि तारीख लिहून काही शाळा तो कागद जपून ठेवतात. हातात गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके येतात. पोषण आहारात त्या दिवशी गोड असते, बहुतेक ठिकाणी शिरा. मिरवणुकीत हसणारे मूल वर्गाच्या उंबऱ्यावर आईचा हात सुटला की रडते, तेव्हा पहिलीच्या बाई सरपंचांचे भाषण सोडून आत येतात आणि त्याला मांडीवर घेतात.

दुपारी पाहुणे गेल्यावर जनरल रजिस्टर उघडले जाते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव हे शाईने आणि खाडाखोड न करता लिहायचे असते, कारण शाळा सोडल्याचा दाखला पुढे याच ओळीवरून निघतो.

गोव्यात २०२५ पासून वरचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, तरी प्राथमिक शाळांचा जून कायम राहिला. बेळगाव भागातल्या मराठी शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात, म्हणून तिथली गडबड महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधीच सुरू होते.

मुलांची अधिकृत मोजणी होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. बीड, जालना, नाशिक, जळगाव अशा जिल्ह्यांतल्या ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा गावातच असतात आणि जूनमध्ये मिरवलेली मुले वर्गात पूर्ण दिसतात. दसरा-दिवाळी झाली की गाड्या कारखान्यांकडे निघतात. ज्यांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवता येते ती मुले मागे राहतात. बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. त्यांच्या हाती गुरुजी शिक्षण हमी कार्ड देतात. मूल कुठल्या वर्गात आहे आणि त्याला कुठवर वाचता येते हे त्यावर लिहिलेले असते, म्हणजे फडाजवळच्या शाळेला त्याला दाखला न मागता बसवून घेता यावे. ती मुले परत येतात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो, आणि गावात पाडव्याची पटनोंदणी चालू असते.