स्नायूतंतूंचा प्रकारबदल (ताकद देऊन दम घेणं)

वेगाने आकसणारे पण लवकर दमणारे स्नायूतंतू हळूहळू आकसणारे पण तासन्‌तास न थकणारे होणं, किंवा मुद्दाम तसे करणं, याला स्नायूतंतूंचा प्रकारबदल म्हणतात. उलट दिशेनेही हे होतं, पण ते बहुतेक वेळा कुणाला नको असताना होतं, त्याबद्दल खाली येईलच.

तंतूंचे प्रकार डोळ्यांनी बघायचे असतील तर बांगडा बघा. तुकडा केला की कातडीखाली बाजूने एक लालसर तपकिरी पट्टा दिसतो आणि बाकीचं मांस फिकट असतं. तो लाल पट्टा मासा दिवसभर निवांत पोहतो तेव्हा चालतो, आणि फिकट मांस मोठा मासा मागे लागला की एकदम झेप घ्यायला. माशात हे दोन थर वेगवेगळे असतात, माणसात मात्र एकाच स्नायूत सगळे तंतू मिसळलेले असतात. माणसाचे मुख्य प्रकार तीन, टाइप १ (हळू, लाल, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारे भाग भरपूर), टाइप २ए (वेगवान पण बऱ्यापैकी दमदार) आणि टाइप २एक्स (सगळ्यात वेगवान, लगेच दमणारा). उंदरांत २बी म्हणून अजून एक वेगवान प्रकार असतो, तो आपल्या हातापायांत जवळपास सापडत नाही, त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रकार ठरतो तो मुख्यतः मायोसिन नावाच्या प्रोटीनवरून, कारण आकसण्याचा वेग त्याच्यावर असतो.

आता ताकद देऊन दम घेणं म्हणजे नक्की काय देतो? बहुतेक लोकांना वाटतं की हळू तंतू मुळातच कमजोर असतो, पण सारख्याच जाडीचे दोन तंतू घेतले तर त्यांच्या नुसत्या ओढीत फार फरक नसतो. फरक पडतो तो वेगात, आणि ताकद गुणिले वेग म्हणजे पॉवर, त्यामुळे पॉवर कित्येक पटीने खाली येते. दुसरं म्हणजे बदलताना तंतू बारीक होतात आणि बारीक झाले की एकूण ओढही कमी होते. बारीक होण्यात फायदाही आहे, ऑक्सिजनला तंतूच्या मधोमध पोचायला कमी अंतर पडतं.

लाल आणि पांढरे स्नायू वेगळं वागतात हे फ्रान्सच्या रांव्हिए यांनी १८७० च्या दशकात सशांवर दाखवलं होतं, पण ते बदलता येतात हे कळायला बराच वेळ गेला. १९६० साली कॅनबेरात बुलर, जॉन एक्लिस आणि त्यांची मुलगी रोझामंड एक्लिस यांनी मांजरांच्या पायातल्या नसांची (म्हणजे मज्जातंतूंची) अदलाबदल केली, हळू स्नायूची नस वेगवान स्नायूला आणि वेगवानची हळूला जोडली, आणि काही महिन्यांत वेगवान स्नायू हळू झाला आणि हळू स्नायू वेगवान. तेव्हा अंदाज असा की नसेतून काहीतरी रसायन स्नायूत उतरत असेल. १९६९ मध्ये सॅमन्स आणि व्हरबोव्हा यांनी नस न बदलता नुसते विजेचे हलके झटके, सेकंदाला १० च्या आसपास, सशाच्या वेगवान स्नायूला आठवडेच्या आठवडे सतत दिले आणि तो हळू झाला. म्हणजे नस कुणाची यापेक्षा तिच्यातून येणारी ठोक्यांची लय महत्त्वाची. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग हाच.

आतमध्ये काय होतं तर सतत झटके बसल्याने तंतूत कॅल्शियम थोडं वर राहतं, त्याने कॅल्सीन्युरिन हे एन्झाइम जागं होतं, ते एनफॅट नावाचं प्रोटीन केंद्रकात पाठवतं आणि हळू तंतूचे जीन चालू होतात. दुसऱ्या वाटेने पीजीसी-१ अल्फा हे प्रोटीन वाढतं आणि मायटोकॉन्ड्रिया वाढतात. पण हे सगळं एकदम होत नाही आणि खरी गंमत क्रमात आहे. आधी केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे दम वाढायला लागतो आणि वेग अजून फारसा गेलेला नसतो, मग मायोसिन २एक्स वरून २ए वर येतं, आणि शेवटी झटके चालूच ठेवले तर टाइप १. म्हणजे पहिला दम जवळपास फुकट मिळतो आणि शेवटचा थोडासा दम फार महाग पडतो.

ही गोष्ट लक्षात न घेतल्याची किंमत हार्टच्या सर्जरीत मोजावी लागली. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये कार्पेंतिए आणि शाशकेस यांनी पेशंटच्या पाठीचा रुंद स्नायू सोडवून कमजोर हृदयाभोवती गुंडाळला आणि पेसमेकरसारख्या यंत्राने त्याला ठोक्यांबरोबर आकसायला लावलं, याला कार्डिओमायोप्लास्टी म्हणतात. पाठीचा स्नायू हृदयासारखा रात्रंदिवस चालू शकत नाही, म्हणून आधी काही आठवडे झटके देऊन त्याला दमदार करायचे. जगभरात शेकडो ऑपरेशनं झाली, बऱ्याच पेशंटांना बरं वाटायचं, पण हृदयातून बाहेर पडणारं रक्त त्या मानाने फार वाढायचं नाही. पूर्ण बदललेला स्नायू इतका हळू आणि बारीक झालेला असायचा की ठोक्याच्या छोट्या वेळात जोर लावणं त्याला जमायचं नाही, शिवाय सोडवताना त्याच्या टोकाचा रक्तपुरवठाही तुटायचा. १९९० चं दशक संपेपर्यंत ही पद्धत मागे पडली. सॅमन्स यांच्या गटाने नंतर सशांत दाखवलं की झटके सेकंदाला अडीचच्या आसपास ठेवले तर स्नायू २ए वर येऊन थांबतो, दमदारही राहतो आणि वेगही बराच टिकतो.

याच तंत्राचं दुसरं ऑपरेशन मात्र जास्त जमून आलं. शौचावर ताबा नसलेल्या पेशंटांत मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस स्नायू गुदद्वाराभोवती गुंडाळून त्याला झटक्यांनी हळू केला. तिथे वेग नकोच असतो, तासन्‌तास हलकं आवळून धरणं एवढंच काम. इन्फेक्शन आणि यंत्राचे त्रास तिथेही होते, पण सौदा कामाला साजेसा होता.

व्यायामाने माणसात किती बदल होतो यावर जिमात फार वाद चालतात. नक्की दिसतं ते २एक्स वरून २ए, आणि हे पळण्यानेही होतं आणि वजनं उचलण्यानेही, म्हणजे कुस्तीची मेहनत करणारा आणि मॅरेथॉनवाला दोघेही २एक्स गमावतात. २००० सालच्या एका डॅनिश अभ्यासात तीन महिने जड वजनं मारल्यावर २एक्स सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं आणि व्यायाम सोडल्यावर पुढच्या तीन महिन्यांत १७ टक्क्यांपर्यंत गेलं, सुरुवातीपेक्षाही जास्त. २ए वरून टाइप १ व्हायला मात्र बहुधा वर्षानुवर्षं लागतात. २०१८ मध्ये एका जुळ्या भावांच्या जोडीचा अभ्यास आला, एक भाऊ तीसेक वर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम करणारा आणि दुसरा न करणारा, पहिल्याच्या मांडीत ९० टक्क्यांहून जास्त हळू तंतू आणि दुसऱ्याच्या ४० च्या आसपास. जोडी एकच आहे हे खरं, पण जीन सारखे असताना एवढा फरक म्हणजे सगळं जन्माने ठरतं असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. जन्माचा वाटा नाही असंही नाही, जगातल्या साधारण १८ टक्के लोकांत एसीटीएन३ या जीनचं, वेगवान तंतूंत असणारं प्रोटीन बनतच नाही आणि ऑलिम्पिक पातळीच्या स्प्रिंटरांत असे लोक फार कमी सापडतात.

गोळीने हा बदल आणायचा प्रयत्नही झाला. २००४ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने पीपीएआर-डेल्टा जीन वाढवलेले उंदीर बनवले, ते साध्या उंदरांच्या जवळजवळ दुप्पट अंतर पळाले. या जीनपासून बनणाऱ्या रिसेप्टरवर (पेशीतला इशारा घेणारं प्रोटीन) काम करणारं जीडब्ल्यू ५०१५१६ हे औषध प्राण्यांत कॅन्सर दिसल्यामुळे कंपनीने सोडून दिलं, आणि वाडाने (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) २०१३ मध्ये ते वापरू नका अशी जाहीर ताकीद दिली. कार्डरीन नावाने नेटवर हेच विकतात, कुणी कितीही गॅरंटी दिली तरी घेऊ नका.

उलट दिशेचा बदल बघायचा तर मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेल्यांत. न वापरलेला स्नायू कमजोर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो सोबत वेगवानही होतो, हळू तंतू कमी होत जातात आणि २एक्स वाढतात, त्यामुळे विजेने पाय हलवायला गेलं तर काही मिनिटांत थकतो. अशा पेशंटांना मांडीवर इलेक्ट्रोड लावून विजेच्या झटक्यांवर सायकल चालवायला देतात, आणि महिनोन्‌महिने केल्यावर २एक्स परत २ए कडे वळतात, पाय जास्त वेळ पेडल मारतात.