जुन्या संगणकांची मूळ रॉमसह पुनर्निर्मिती

उत्पादन बंद पडलेला संगणक नव्या सर्किट बोर्डावर पुन्हा उभा करणे आणि त्याच्या मूळ रॉममधला (कारखान्यातच कायमचा मजकूर भरलेल्या स्मृती-चिपमधला) प्रोग्रॅम हक्कदाराच्या परवानगीने त्यात चालवणे. कष्ट यंत्र जुळवण्यात पडतात, पण कायद्याचे घोडे अडते ते रॉमच्या मोजक्या किलोबाइटांपाशी. सर्किटवरचे पेटंट साधारण २० वर्षांत संपते. प्रोग्रॅम मात्र कायद्याच्या नजरेत साहित्यकृती असल्याने त्याचा कॉपीराइट कित्येक दशके टिकतो.

रॉम म्हणजे यंत्राचा सुटा भाग की लेखन? अमेरिकेत १९८३ साली ॲपल विरुद्ध फ्रँकलिन (ॲपलच्या संगणकाची नक्कल विकणारी कंपनी) खटल्यात अपील न्यायालयाने ‘लेखन’ असा कौल दिला. फ्रँकलिनच्या प्रोग्रॅमांत ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचे नाव जसेच्या तसे राहून गेले होते. नकलेचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) या घरगुती संगणकाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. त्याचा झेड८० प्रोसेसर सर्रास मिळणारा. अवघड होती ती खास स्पेक्ट्रमसाठी फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए चिप, म्हणजे अनेक सर्किटांचे काम एकत्र करणारी चिप. ‘हार्लेक्विन’ या पुनर्निर्मितीत तिचे काम साध्या लॉजिक चिपांवर उतरवले गेले. उरली १६ किलोबाइटची रॉम. तिचे हक्क १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने एम्युलेटरसोबत (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) रॉम देण्यास मुभा दिली, पण कॉपीराइट सोडला नाही आणि कॉपीराइटच्या सूचनेला हात न लावण्याची अट घातली. यंत्र सुरू करताच पडद्याच्या तळाशी उमटणारी ‘© १९८२ सिंक्लेअर रिसर्च’ ही ओळ म्हणूनच जपावी लागते. एम्युलेटरसाठीची मुभा विक्रीच्या यंत्राला आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

रॉम नव्याने लिहिणे हा दुसरा मार्ग. अटारी एसटी संगणकासाठीच्या एमूटॉस या रॉमचा काही भाग असाच नव्याने लिहिला गेला, आणि फीनिक्स कंपनीने आयबीएम पीसीची बायॉस (संगणक सुरू करणारा रॉममधला प्रोग्रॅम) १९८४ मध्ये मूळ कोड न पाहिलेल्या प्रोग्रॅमरांकडून लिहून घेतली. तरी मूळ रॉमचा आग्रह उगाच नसतो. जुने खेळ रॉममधल्या ठरावीक पत्त्यांवर (स्मृतीतल्या जागांवर) थेट उडी मारतात. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये शेवटाकडे हजाराहून अधिक बाइटांची न वापरलेली जागा आहे, प्रत्येक बाइटमध्ये २५५. कित्येक खेळ इंटरप्टचा (चालू काम थांबवून दुसरे करायला लावणाऱ्या संकेताचा) पत्ता याच रिकाम्या पट्ट्यातून वाचतात. नव्या रॉममध्ये तिथे दुसरे काही भरले, की ते खेळ कोसळतात.