एन्झाइमने उजळणारे एमआर सेन्सर : मागवण्याआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कॉलेजांना आम्ही प्रयोगशाळेची रसायने पुरवतो. एक्स-गॅल न्यायला आलेले पीएच.डी.चे विद्यार्थी हल्ली विचारतात, "जिवंत पेशीत एमआरआयवर दिसेल असं काही आहे का?" काउंटरवर उभ्या उभ्या निम्मेच सांगून होते, म्हणून हे पत्रक.

एक्स-गॅल तुमच्या ओळखीचे. बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइम त्यातली गॅलॅक्टोज ही साखर तोडते आणि निळा रंग उमटतो. पण प्राण्यांच्या ऊतीत तो बघायचा तर ऊती आधी रसायनाने फिक्स (स्थिर) करतात. पेशी तिथेच संपली.

एमआर सेन्सरमध्ये, म्हणजे एमआरआयवर दिसणाऱ्या रेणूत, तोडणे तेच, खूण वेगळी. मध्ये गॅडोलिनियम या धातूचा आयन, त्याला धरून ठेवणारा रेणूचा पिंजरा, आणि पाण्यासाठी उरलेल्या जागेवर गॅलॅक्टोजचे झाकण. झाकण आहे तोवर पाणी आयनपर्यंत फारसे पोचत नाही. एन्झाइमने साखर तोडली की पाण्याचे रेणू तिथे ये-जा करू लागतात, त्यांच्या प्रोटॉनांचा टी-१ काळ (एमआरआयच्या रेडिओ लहरीनंतर पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळ) घटतो आणि टी-१ चित्रात तो भाग उजळतो. थॉमस मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे झेनोपस बेडकाच्या जिवंत गर्भात करून दाखवले.

मात्र तिथे सेन्सर सुईने पेशीत टोचावा लागला. तो आपणहून आत शिरत नाही. शिवाय उजळले म्हणजे एन्झाइम सापडलेच, असे नाही. सेन्सर एका जागी जास्त साठला तरी चित्र तसेच येते. म्हणून झाकण न तुटणारा जोडीदार रेणू कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, हवाच. सस्तन प्राण्यांच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत) मुळातच हे एन्झाइम असते, तेही विसरू नका. गाईडसर पहिला प्रश्न बहुधा हाच टाकतील!

हा सेन्सर आम्ही ठेवत नाही. रुग्णांसाठी तर तो नाहीच. दवाखान्यातले नेहमीचे गॅडोलिनियमचे इंजेक्शन एन्झाइम ओळखत नाही, ते यासाठी मागू नका. सुटे गॅडोलिनियम विषारी असते, त्यामुळे पिंजरा घरच्या घरी जुळवण्याच्या फंदातही पडू नका.

आधी ओएनपीजीने (हेच एन्झाइम तोडते असे रंग देणारे रसायन) एन्झाइम आहे का ते पाहा: पिवळा रंग, ४२० नॅनोमीटर, थांबवायला सोडियम कार्बोनेट. ते आमच्याकडे आहे. एक्स-गॅल फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा. बर्फातले पार्सल शनिवार-रविवार बंद कॉलेजच्या दारात पडून राहू नये, म्हणून ऑर्डर सोमवारी-मंगळवारीच द्या.